इंग्रजी नामांसाठी कोणता शब्दकोश उघडावा? चार कोशांची पारख

इंग्रजी नामाचे पाच प्रकार बहुतेकांना पाठ असतात: प्रॉपर, कॉमन, कलेक्टिव्ह, मटेरियल आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट. ‘ऑनेस्टी’समोर अ‍ॅबस्ट्रॅक्ट लिहिलं की परीक्षेत गुण मिळतो. पण वाक्य लिहायला बसल्यावर हे पाच प्रकार फारसे उपयोगी पडत नाहीत. नामाआधी ‘अ’ लावायचा का, त्याचं अनेकवचन होतं का, ‘मच’ म्हणायचं की ‘मेनी’, यातलं काहीच त्यांतून कळत नाही. ‘आयडिया’ भाववाचक आणि ‘अ‍ॅडव्हाइस’ही भाववाचक. तरी ‘अ‍ॅन आयडिया’ बरोबर आणि ‘अ‍ॅन अ‍ॅडव्हाइस’ चूक. ‘चेअर’ला हात लावता येतो तसाच ‘फर्निचर’लाही येतो, पण ‘चेअर्स’ होतात आणि ‘फर्निचर्स’ होत नाहीत.

लिहिताना खरी गरज असते ती दोन गोष्टींची. नाम त्या विशिष्ट अर्थाने काउंटेबल (एक, दोन असं मोजता येणारं) आहे की अनकाउंटेबल (तसं न मोजता येणारं), ही पहिली. त्याच्या मागेपुढे कोणते शब्द बसतात, म्हणजे त्याची नाऊन फ्रेज कशी बांधली जाते, ही दुसरी. पहिल्या गोष्टीचं तयार उत्तर इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेल्या शब्दकोशांत मिळतं. त्यांना लर्नर्स डिक्शनरी म्हणतात. दुसरीचं उत्तर तिथे अर्धंच मिळतं. ते अर्धं कुठे आहे आणि उरलेलं कसं भरून काढायचं, हे या परीक्षणात पाहू.

पारखीसाठी घेतलेले चार कोश असे: ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन आणि कॉलिन्स कोबिल्ड. चारही इंटरनेटवर मोफत उघडतात आणि शब्द शोधायला नोंदणी लागत नाही. बहुतेक इंग्रजी-मराठी शब्दकोशांत नामापुढे ‘ना.’ एवढी खूण असते, तिच्यावर इथे भागत नाही. मूळ इंग्रजी भाषकांसाठीचे मोठे कोशही या कामाला सोयीचे नाहीत. ‘अ‍ॅडव्हाइसेस’ हे रूप व्यापारी किंवा अधिकृत सूचनापत्रांच्या अर्थाने इंग्रजीत आहे आणि कायद्याच्या भाषेत आरोपपत्राच्या अर्थाने ‘इन्फर्मेशन’चंही अनेकवचन होतं. मोठ्या कोशात ही रूपं दिसली की शिकणाऱ्याला वाटतं, आपलं ‘इन्फर्मेशन्स’ बरोबरच आहे. स्पेलिंग तपासणारी यंत्रणाही अशा चुकांना फारशी अडवत नाही.

खूण वाचायची कशी

काउंटेबलला सी आणि अनकाउंटेबलला यू ही खूण जुनी आहे. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. तिथे शिकणाऱ्यांना ‘अ’ आणि अनेकवचन कुठे लावावं ते कळेना, म्हणून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1942 साली टोकियोत निघालेल्या कोशात नामांच्या अर्थांना या खुणा दिल्या. तोच कोश 1948 पासून ऑक्सफर्डने छापला आणि आजचा ऑक्सफर्डचा लर्नर्स कोश त्याच्याच वंशातला. जपानी भाषेत ‘अ’ आणि ‘द’ नाहीत, मराठीतही नाहीत. त्यामुळे तेव्हा जपानी विद्यार्थ्याची जी अडचण होती तीच आज मराठी वाचकाची आहे, आणि ही खूण आपल्याला इतकी कामाची का वाटते याचं कारणही तेच.

आजच्या ऑनलाइन ऑक्सफर्डमध्ये खूण पूर्ण शब्दांत येते. प्रत्येक अर्थाच्या आधी चौकटी कंसात ‘काउंटेबल’, ‘अनकाउंटेबल’, ‘सिंग्युलर’, ‘प्लुरल’ असं लिहिलेलं असतं. लाँगमनचीही पद्धत हीच. केंब्रिजमध्ये मात्र नुसतं सी, यू, एस किंवा ‘सी ऑर यू’ असतं. कोबिल्डमध्ये ‘काउंटेबल नाऊन’, ‘अनकाउंटेबल नाऊन’ आणि त्याखेरीज ‘व्हेरिएबल नाऊन’ असा तिसरा गट आहे. व्हेरिएबल म्हणजे दोन्हीकडे चालणारं नाम.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या खूण न पाहिल्यामुळे नव्हे, तर चुकीच्या अर्थाची खूण पाहिल्यामुळे. खूण शब्दाला नसते, अर्थाला असते. ‘पेपर’ घ्या. कागद या अर्थी अनकाउंटेबल, म्हणून ‘अ शीट ऑफ पेपर’ किंवा ‘अ पीस ऑफ पेपर’. वर्तमानपत्र, प्रश्नपत्रिका, शोधनिबंध या अर्थी काउंटेबल, म्हणून ‘अ पेपर’. ओळख पटवणारी कागदपत्रं म्हणजे ‘पेपर्स’, आणि या अर्थी शब्द नेहमी अनेकवचनीच. पहिला अर्थ पाहून कोश मिटला की ‘आय रेड अ पेपर ऑन क्लायमेट’ हे बरोबर वाक्यसुद्धा चूक वाटू लागतं.

मराठीत जिथे एकच शब्द आहे आणि इंग्रजीत अर्थ बदलला की खूण बदलते, तिथे जास्त सावध राहावं लागतं. ‘अनुभव’ हे याचं ठळक उदाहरण. कामातून आलेला अनुभव म्हणजे ‘एक्सपिरियन्स’, अनकाउंटेबल: ‘शी हॅज अ लॉट ऑफ एक्सपिरियन्स’. मनावर ठसलेला एखादा प्रसंग म्हणजे ‘अ‍ॅन एक्सपिरियन्स’, काउंटेबल: ‘इट वॉज अ स्ट्रेंज एक्सपिरियन्स’. नोकरीच्या अर्जात ‘आय हॅव मेनी एक्सपिरियन्सेस इन टीचिंग’ लिहिलं तर वाचणाऱ्याला शिकवताना घडलेल्या गमतीजमती आठवतील, वर्षं नव्हेत. ‘वर्क’ही तसंच. काम अनकाउंटेबल, पण चित्र, पुस्तक अशी कलाकृती म्हणजे ‘अ वर्क’. ‘हेअर’ म्हणजे डोक्यावरचे सगळे केस, हे अनकाउंटेबल. एखादाच गळलेला केस म्हणजे ‘अ हेअर’. ‘रूम’ म्हणजे खोली तेव्हा काउंटेबल, जागा तेव्हा अनकाउंटेबल. ‘डॅमेज’ म्हणजे नुकसान, अनकाउंटेबल. ‘डॅमेजेस’ म्हणजे न्यायालयाने द्यायला लावलेली भरपाई.

अशा शब्दांसाठी आम्ही ऑक्सफर्डला पहिली पसंती देऊ. अर्थ सुटे आणि क्रमांक घालून येतात, खूण पूर्ण शब्दांत असल्याने चुकून नजरेआड होत नाही, आणि खूण दुहेरी असेल तर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. ‘नॉलेज’समोर ‘अनकाउंटेबल, सिंग्युलर’ अशी जोडखूण आहे. तिचा अर्थ असा: ‘नॉलेजेस’ कधीच नाही, पण आधी विशेषण किंवा पुढे ‘ऑफ’ आलं की ‘अ’ चालतो, जसं ‘अ गुड नॉलेज ऑफ हिस्टरी’. ‘अनकाउंटेबलला अ कधीच लागत नाही’ हा पाठ केलेला नियम इथे मोडतो. तो मोडतो कुठे, हे सांगणं म्हणजेच ही जोडखूण.

‘काउंटेबल, अनकाउंटेबल’ अशी खूण एकाच अर्थाला आली तर मात्र कोश अर्धवट सोडून देतो. ‘डिफरन्स’चं तसंच आहे. कधी काउंटेबल आणि कधी अनकाउंटेबल हे खुणेवरून समजत नाही, उदाहरणवाक्यांतून काढावं लागतं. कोबिल्डच्या ‘व्हेरिएबल’चीही हीच मर्यादा. अशा वेळी निदान चार उदाहरणं वाचावीत. एक-दोन ठरावीक फरक दिसले तर आपला अर्थ कुठल्या उदाहरणाशी जुळतो ते पाहून तशीच रचना करावी.

यादीत न बसणारी नामं

‘अ‍ॅडव्हाइस’, ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’, ‘इक्विपमेंट’, ‘लगेज’, ‘होमवर्क’, ‘रिसर्च’, ‘एव्हिडन्स’, ‘मशिनरी’, ‘सीनरी’, ‘सॉफ्टवेअर’, ‘ट्रॅफिक’, ‘प्रोग्रेस’, ‘फीडबॅक’. ही सगळी अनकाउंटेबल नामं मराठी बोलणाऱ्याकडून सर्रास अनेकवचनात जातात. कारण मराठीत सल्ले, पुरावे, उपकरणं ही अनेकवचनं सहज होतात. केंब्रिज इथे उपयोगी पडतं. शिकणाऱ्यांनी लिहिलेल्या इंग्रजीच्या मोठ्या संग्रहावरून नेहमीच्या चुका काढून ‘कॉमन मिस्टेक’ नावाची वेगळी चौकट त्यांनी काही नोंदींत दिली आहे. ‘अ‍ॅडव्हाइस’च्या नोंदीत ती आहे आणि ‘अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस’ ही सुटका तिथेच मिळते. लाँगमनमध्ये अशा नामांसाठी ‘काउंटेबल की अनकाउंटेबल’ अशी व्याकरणाची चौकट असते. तिची भाषा केंब्रिजपेक्षा मोकळी आणि वाचायला सोपी आहे. ‘रिसर्च’बाबत एक लक्षात ठेवावं: काही ठिकाणी ‘रिसर्चेस’ हे औपचारिक रूपही दाखवलेलं असतं. ते दुर्मीळ आहे; रोजच्या लेखनात ‘रिसर्च’ किंवा ‘स्टडीज’च लिहावं.

सुटकेचा शब्द प्रत्येक वेळी ‘पीस’च असतो असं नाही. ‘पीस’ अ‍ॅडव्हाइस, इन्फर्मेशन, फर्निचर, इक्विपमेंट, लगेज, एव्हिडन्स, न्यूज, रिसर्च यांना चालतो. ‘होमवर्क’ला ‘अ होमवर्क असाइनमेंट’ किंवा नुसतं ‘सम होमवर्क’, ‘ट्रॅफिक’ला ‘अ लॉट ऑफ’ किंवा ‘हेवी’, ‘प्रोग्रेस’ला ‘सम’ किंवा ‘अ लॉट ऑफ’.

दिसायला अनेकवचनी पण क्रियापद एकवचनी, अशी नामं थोडी आहेत: ‘न्यूज’, ‘मॅथेमॅटिक्स’, ‘फिजिक्स’, ‘मीझल्स’. ‘स्टॅटिस्टिक्स’ला दोन तोंडं आहेत. शास्त्र म्हणून एकवचनी क्रियापद, आकडे म्हणून अनेकवचनी. याच्या उलट ‘सिझर्स’, ‘ट्राउझर्स’, चष्मा या अर्थी ‘ग्लासेस’, ‘बिलाँगिंग्ज’, ‘सराउंडिंग्ज’ ही कायम अनेकवचनी. मोजायची झाली तर ‘अ पेअर ऑफ सिझर्स’. मराठीत कात्री एक, त्यामुळे ‘द सिझर्स इज’ हातून निसटतं. चारही कोश हा गट ‘प्लुरल’ म्हणून व्यवस्थित दाखवतात, इथे डावं-उजवं करण्यासारखं काही नाही.

समूहवाचक नामांत कोशांचा दर्जा लक्षात येतो. ‘टीम’, ‘कमिटी’, ‘फॅमिली’, ‘गव्हर्नमेंट’ यांना ब्रिटिश इंग्रजीत एकवचनी आणि अनेकवचनी दोन्ही क्रियापदं चालतात. अमेरिकन इंग्रजीत बहुतेक वेळा एकवचनीच. केंब्रिज हे ‘सी’ खुणेला जोडून संक्षेपात सांगतं. ऑक्सफर्ड ‘सिंग्युलर ऑर प्लुरल व्हर्ब’ अशा शब्दांत लिहितं. कोश न पाहता लिहायचं तर एकवचन धरावं, म्हणजे दोन्हीकडे चालतं. ‘पोलीस’ मात्र या गटात नाही. त्याला दोन्हीकडे अनेकवचनीच क्रियापद लागतं: ‘द पोलीस आर’. आणि ‘स्टाफ’ म्हणजे एक कर्मचारी नव्हे. एक कर्मचारी म्हणजे ‘अ मेंबर ऑफ स्टाफ’.

ब्रिटिश आणि अमेरिकन फरक ‘अ‍ॅकॉमोडेशन’मध्ये सगळ्यात जास्त बोचतो. ब्रिटिश इंग्रजीत तो अनकाउंटेबल, अमेरिकनमध्ये राहण्याच्या सोयीच्या अर्थाने ‘अ‍ॅकॉमोडेशन्स’ असा अनेकवचनी वापर आहे. ऑक्सफर्ड हा भेद नोंदवतं. केंब्रिजमध्ये अनेक शब्दांखाली ब्रिटिश आणि अमेरिकन कोशांचे वेगळे विभाग येतात. वर जे दिसेल तेच वाचून थांबू नये, अमेरिकेत पाठवायचं लेखन असेल तर खाली सरकावं.

नामाशेजारचे शब्द

मराठीत ‘चा, ची, चे’ हा एकच प्रत्यय नामांना जोडायचं बरंचसं काम करतो: समस्येचं उत्तर, पाण्याची मागणी, घराचं नुकसान, यशाची गुरुकिल्ली, जिंकण्याची शक्यता. मग इंग्रजीत लिहिताना सगळीकडे ‘ऑफ’ पडतं. प्रत्यक्षात ‘सोल्यूशन टू द प्रॉब्लेम’, ‘अ‍ॅन्सर टू द क्वेश्चन’, ‘डॅमेज टू द हाउस’, ‘की टू सक्सेस’, ‘डिमांड फॉर वॉटर’. वाढ कशात झाली ते सांगायचं तर ‘अ‍ॅन इन्क्रीझ इन डिमांड’, किती झाली ते सांगायचं तर ‘अ‍ॅन इन्क्रीझ ऑफ 10 पर्सेंट’. कारण म्हणताना ‘द कॉझ ऑफ द फायर’ पण ‘द रीझन फॉर द डिले’.

नामापुढे क्रियापद आलं की गुंता वाढतो. ‘अ‍ॅबिलिटी टू स्विम’ बरोबर, ‘अ‍ॅबिलिटी ऑफ स्विमिंग’ चूक. ‘पॉसिबिलिटी ऑफ विनिंग’ बरोबर, ‘पॉसिबिलिटी टू विन’ चूक. ‘डिसिजन टू लीव्ह’, ‘डिफिकल्टी इन ब्रीदिंग’, ‘द फॅक्ट दॅट’. यात नियम शोधत बसण्यापेक्षा नामासोबतच रचना लक्षात ठेवणं सोपं जातं, आणि ती रचना दाखवणं हे लर्नर्स कोशाचं मोठं काम आहे.

इथे चौघांत फरक पडतो. ऑक्सफर्डमध्ये उदाहरणांमध्येच रचना ठळक अक्षरांत उठून दिसते. ‘ऑन’, ‘अबाउट’, ‘टू डू समथिंग’ असं डोळ्यांत भरतं. केंब्रिज कंसात अधिकचं चिन्ह घालून ‘दॅट’ किंवा ‘टू इन्फिनिटिव्ह’ (म्हणजे ‘टू’ आणि मूळ क्रियापद) लिहितं. सवय झाली की हेही पटकन वाचता येतं, पण नवख्याला ते सांकेतिक लिपीसारखं वाटतं. कोबिल्डमध्येही कंसात रचना दिलेली असते. त्याचं वेगळेपण मात्र व्याख्येत आहे. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला हा कोश 1987 मध्ये आला, आणि त्यातल्या व्याख्या पूर्ण वाक्यांत आहेत. ‘एखाद्याला सल्ला दिला की...’ अशा धाटणीने व्याख्या सुरू होते, त्यामुळे नाम कुठल्या क्रियापदाबरोबर आणि कुठल्या शब्दयोगी अव्ययाबरोबर येतं ते व्याख्येतच उमगतं. वाचायला वेळ लागतो, पण लिहायला शिकणाऱ्याला हा वेळ वाया गेला असं वाटणार नाही.

क्रियापद आणि विशेषणांच्या जोड्यांत लाँगमन सर्वांत पुढे आहे. महत्त्वाच्या नामांखाली ‘कोलोकेशन्स’ची मोठी चौकट येते, आधी क्रियापदं, मग विशेषणं, मग ठरलेले शब्दसमूह. ‘डिसिजन’ ‘मेक’ किंवा ‘टेक’ करतात, ‘डू’ नाही. ‘रिसर्च’ ‘डू’, ‘कंडक्ट’ किंवा ‘कॅरी आउट’ करतात, ‘मेक’ नाही. ‘हेवी ट्रॅफिक’ म्हणतात, ‘बिग ट्रॅफिक’ नाही. लाँगमनच्या व्याख्या सुमारे 2000 सोप्या शब्दांत बांधलेल्या आहेत, म्हणून इंग्रजी कच्चं असलं तरी एक शब्द पाहताना दुसरे तीन शोधावे लागत नाहीत. पान मात्र गजबजलेलं असतं, आणि शोधत असलेली चौकट बरीच खाली सापडते.

नाऊन फ्रेज: कोश इथे थकतो

नाऊन फ्रेज, म्हणजे नामपदबंध, मुख्य नामाभोवती उभा असतो. मराठीत त्याची सगळी सजावट नामाच्या आधी येते: ‘मागच्या आठवड्यात ग्रंथालयातून आणलेलं निळ्या पुठ्ठ्याचं जाड पुस्तक’. इंग्रजी ही सजावट दोन्ही बाजूंना वाटते. एकटं विशेषण आधी, शब्दयोगी अव्ययाचा गट नंतर, आणि आख्खं उपवाक्य शेवटी: ‘द थिक बुक विथ द ब्लू कव्हर दॅट आय बॉरोड फ्रॉम द लायब्ररी लास्ट वीक’. मराठी वाक्य मनात ठेवून इंग्रजी लिहिणारा सगळं नामाआधी कोंबतो, ते वाचताना दम लागतो. त्यावर उपाय म्हणून आधी मुख्य नाम शोधावं. मग ज्या वर्णनात क्रियापद किंवा ‘विथ’, ‘इन’, ‘फ्रॉम’ लागतंय ते नामाच्या नंतर टाकावं, आणि फक्त सुटी विशेषणं नामाच्या आधी ठेवावीत.

मुख्य नाम हातात असलं की क्रियापदही चुकत नाही. ‘द क्वालिटी ऑफ द इमेजेस इज पुअर’ यात मुख्य नाम ‘क्वालिटी’ आहे. शेजारच्या ‘इमेजेस’कडे पाहून ‘आर’ लिहिणं ही सर्वांत सामान्य चूक. ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर’ आणि ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स इज’ हा भेद ऑक्सफर्डच्या ‘नंबर’ नोंदीत मिळतो, पण त्यासाठी ‘नंबर’ शब्द शोधायला हवा हे आधी सुचावं लागतं. कोशाची मूळ अडचण हीच आहे. त्याला शब्द विचारता येतो, रचना विचारता येत नाही.

मराठीतून थेट येणाऱ्या दोन चुका इथेच सांगायला हव्यात. ‘माझ्या एका मित्राने’ यात मित्र एकच दिसतो, म्हणून ‘वन ऑफ माय फ्रेंड’ लिहिलं जातं. इंग्रजीत अनेकांपैकी एक निवडायचा असल्याने ‘फ्रेंड्स’ अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी: ‘वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह्ज हिअर’. दुसरी चूक ‘माझं हे पुस्तक’ची. मराठीत ‘माझं’ आणि ‘हे’ शेजारी नांदतात. इंग्रजीत ‘माय’, ‘धिस’, ‘द’, ‘अ’ हे डिटर्मिनर एकाच खुर्चीवर बसतात, म्हणून त्यांच्यापैकी एकालाच जागा. ‘धिस माय बुक’ होत नाही, ‘धिस बुक ऑफ माइन’ होतं. या खुर्चीच्या आधी ‘ऑल’, ‘बोथ’, ‘हाफ’ बसू शकतात आणि नंतर क्रमवाचक व संख्या: ‘ऑल माय फ्रेंड्स’, ‘बोथ हिज हँड्स’, ‘हर फर्स्ट टू बुक्स’.

एक नाम दुसऱ्या नामाचं विशेषण होतं तेव्हा ते बहुधा एकवचनी राहतं: ‘शू शॉप’, ‘अ टू-अवर मीटिंग’, ‘अ फाइव्ह-इयर-ओल्ड चाइल्ड’. ‘टू-अवर्स मीटिंग’ चूक. ‘स्पोर्ट्स टीचर’, ‘सेव्हिंग्ज अकाउंट’, ‘क्लोद्स शॉप’ हे अपवाद. जोडनामांचं अनेकवचनही कोशातूनच घ्यावं, कारण ते मुख्य नामाला लागतं: ‘पासर्स-बाय’, ‘मदर्स-इन-लॉ’.

या सगळ्या रचनेसाठी चौघांपैकी केंब्रिजच्याच संकेतस्थळावर धड सोय आहे. कोशाबरोबर तिथे व्याकरणाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि नाम, नाऊन फ्रेज, काउंटेबल-अनकाउंटेबल, डिटर्मिनर यांची वेगवेगळी पानं आहेत. उदाहरणं छोटी, चुकीच्या रूपासमोर खूण केलेली. विशेषणांचा क्रमही तिथे आहे: मत, आकारमान, आकृती, वय, रंग, मूळ ठिकाण, पदार्थ. पण तो क्रम घोकण्यापेक्षा मत नेहमी पहिलं आणि पदार्थ नामाला चिकटून, एवढं धरलं तरी बहुतेक वाक्यं सुटतात: ‘अ ब्यूटिफुल ओल्ड वुडन टेबल’. नामाआधी तीनहून जास्त विशेषणं ठेवायची वेळ खऱ्या लेखनात फारशी येत नाही.

कोण कुठला घ्यावा

रोज लिहिणाऱ्याने ऑक्सफर्ड आणि लाँगमन ही जोडी ठेवावी. खुणेसाठी पहिला, जोड्यांसाठी दुसरा. शाळा-कॉलेजात शिकवणाऱ्याला केंब्रिज जास्त कामाचं. चुकांच्या चौकटी आणि व्याकरणाची पानं यांतून वर्गासाठी उदाहरणं तयार मिळतात. वाचन भरपूर आहे पण लिहिताना हात अडतो, अशांनी महिनाभर कोबिल्डच्या व्याख्या वाचाव्यात. कॉलिन्सच्या संकेतस्थळावर एकाच पानावर अनेक कोशांच्या नोंदी एकाखाली एक येतात. त्यांतली कोबिल्डची कोणती ते वरच्या नावावरून ताडून घ्यावं, कारण बाकीच्यांत वर सांगितलेली रचना मिळणार नाही.

वहीत उतरवताना सुटा शब्द लिहू नये. ‘एव्हिडन्स: पुरावा’ याऐवजी ‘देअर इज नो एव्हिडन्स दॅट...’ आणि ‘अ पीस ऑफ एव्हिडन्स’ अशा दोन ओळी लिहाव्यात. खूण, पुढची रचना आणि मोजायचं माप तिन्ही एका नजरेत येतात. एका शब्दाला चार-पाच मिनिटं लागतात, म्हणून दिवसाला पाचाहून जास्त शब्द घेऊ नयेत.

विशेषनामांसाठी मात्र यांतला कुठलाच कोश पुरा पडत नाही. देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नसल्याने वार, महिने आणि भाषांची नावं मोठ्या अक्षराने सुरू होतात हे मुद्दाम शिकावं लागतं. ‘द’ची वाटणी तर वेगळीच पाठ करावी लागते. नद्या, समुद्र आणि पर्वतरांगांना ‘द’ लागतो, जसं ‘द नाइल’, ‘द पॅसिफिक’, ‘द हिमालयाज’. एकट्या शिखराला आणि सरोवराला बहुधा नाही, जसं ‘माउंट एव्हरेस्ट’, ‘लेक व्हिक्टोरिया’. देशांना बहुधा लागत नाही, पण ‘द नेदरलँड्स’, ‘द फिलिपीन्स’ अशा अनेकवचनी नावांना लागतो. आणि ‘द नेदरलँड्स’ हा देश म्हणून आला की नाव अनेकवचनी असूनही क्रियापद एकवचनी येतं.